गवत की प्लास्टिक? नवशिक्या भांडखोरांसाठी मार्गदर्शन

नोकरीनिमित्त इंग्लंडात आलेल्या मराठी माणसाला हवामानावर बोलणे पहिल्याच महिन्यात जमते. रांगेत गुपचूप उभे राहणेही जमते. अडते ते एखाद्या शनिवारी. ऑफिसातला सहकारी त्याला आपल्या गावच्या क्लबचा फुटबॉल सामना दाखवायला नेतो. क्लब पाचव्या-सहाव्या पातळीवरचा, प्रेक्षक पाच-सातशे, पत्र्याचे छप्पर एकाच बाजूला. आणि बघावे तो माणूस खेळाडूंपेक्षा त्यांच्या पायाखालच्या जमिनीवरच बोलत असतो. चेंडू वाकडा उसळला, दोष जमिनीचा. बचावपटू घसरला, दोष जमिनीचा. आपण हरलो, मग तर विचारायलाच नको. इथे जो गप्प उभा राहतो तो पाहुणा. ज्याला मत आहे तो घरचा, मग ते मत कसलेही असो.

पुढचे धडे अजून मत नसलेल्यांसाठी आहेत. फुटबॉल कळलाच पाहिजे अशी अट नाही. स्टँडमध्ये वीस-वीस वर्षे उभे असलेल्या मंडळींनाही ती कोणी घातलेली नाही.

धडा पहिला : रेघ कुठे आहे ते पाहून घ्या

इंग्लंडातला फुटबॉल मजल्यामजल्यांनी चढत जातो. सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली इंग्लिश फुटबॉल लीग, म्हणजे ईएफएल. तिचे तीन मजले आणि ७२ क्लब. त्याखाली पाचव्या मजल्यावर नॅशनल लीग, आणि तिथून खाली खाली जात पार गावच्या हौशी संघांपर्यंत. जिंकलात तर वर चढता, हरलात तर खाली येता. दरवर्षी नॅशनल लीगमधून दोन क्लब चौथ्या मजल्यावर, लीग टूमध्ये जातात.

या चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधल्या जिन्यावर एक रेघ ओढलेली आहे. रेघेच्या खाली लीगचे सामने कृत्रिम गवतावर खेळायला परवानगी आहे, वर नाही. पुढे जे काही सांगणार आहे ते या रेघेपाशी येऊन थांबते, म्हणून ती आत्ताच मनात ठसवून ठेवा.

क्लबनिष्ठेवर वेगळा धडा ठेवलेला नाही. कोल्हापूरच्या वाचकाला पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार एवढे म्हटले की पुरते. बाकीच्यांनी एखाद्या कोल्हापूरकराला गाठून विचारावे; मात्र संध्याकाळ मोकळी ठेवून जावे.

धडा दुसरा : प्लास्टिक ओळखणे

सोपे आहे. जानेवारीत मैदान हिरवेगार दिसले, तर ते खरे नाही. पक्की खात्री हवी असेल तर सामना संपल्यावर एखाद्या खेळाडूचा बूट उलटा करायला सांगा. काळे रबरी दाणे पडले की निकाल लागला.

ठाण्यात किंवा पुण्यात जाळीच्या आत, रात्री दहानंतरचा स्वस्त तास पाहून तुम्ही टर्फ बुक केलेला असेल, तर या प्रकाराशी तुमची जुनी ओळख आहे. इंग्लंडात त्याला थ्रीजी म्हणतात, कारण ही कृत्रिम गवताची तिसरी पिढी. पहिल्या पिढीत नुसता आखूड नायलॉनचा गालिचा होता. दुसऱ्या पिढीत त्यात वाळू भरली. तिसऱ्या पिढीत पाती लांब झाली, साधारण ४० ते ६० मिलिमीटर, आणि त्यांच्यामध्ये खाली वाळू, वर रबराचा चुरा पसरला. हा चुरा बहुतेक ठिकाणी मोटारींच्या जुन्या टायरांचा असतो. पूर्ण आकाराच्या एका मैदानात हजारो टायर विसावलेले असतात.

असे मैदान अंथरले की झाले, असे नाही. फिफाची माणसे त्यावर दोन मीटरवरून चेंडू टाकतात आणि तो किती उसळतो ते मोजतात. वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र हवे असेल तर उसळी ६० ते ८५ सेंटिमीटरच्या आतच बसली पाहिजे. उतारावरून चेंडू सोडून तो किती लांब घरंगळतो तेही पाहतात. चार ते आठ मीटर चालते, नऊ चालत नाही. खऱ्या गवतावर अशी परीक्षा घेतली तर खालच्या लीगची किती मैदाने फेब्रुवारीत पास होतील, हा प्रश्न मनात येऊ द्या, पण गवताच्या माणसाजवळ उभे असताना तोंडातून येऊ देऊ नका. आणखी एक माहिती जवळ असू द्या : खेळाच्या नियमावलीतल्या पहिल्याच नियमात लिहिले आहे की कृत्रिम पृष्ठभागाचा रंग हिरवाच असला पाहिजे. खऱ्या गवताला रंगाची सक्ती नाही. ते मार्चपर्यंत चॉकलेटी झाले तरी कायद्याचे संरक्षण कायम.

धडा तिसरा : म्हाताऱ्यांना १९८१ विचारू नका

न विचारताही ते सांगतील, म्हणून आधीच वाचून ठेवा.

गोष्ट अमेरिकेतून सुरू होते. १९६५ मध्ये ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम हे छप्परबंद स्टेडियम उघडले. पारदर्शक छपरातून येणाऱ्या उजेडाने बेसबॉलच्या खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून छप्पर रंगवले. छप्पर रंगवल्यावर आतले गवत मेले. १९६६ मध्ये मोन्सँटो कंपनीचा नायलॉनचा गालिचा अंथरला आणि त्याचे नाव पडले ॲस्ट्रोटर्फ.

इंग्लंडच्या लीगमध्ये हे धाडस पहिल्यांदा केले लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने, १९८१ मध्ये. मॅनेजर होते टेरी व्हेनेबल्स. आता योगायोग पाहा. याच व्हेनेबल्स यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गॉर्डन विल्यम्स या लेखकाबरोबर एक कादंबरी लिहिली होती आणि तिचे नाव होते ‘दे यूज्ड टु प्ले ऑन ग्रास’. भविष्य सांगून ते स्वतःच खरे करणारे लोक आपल्याकडे राजकारणात पुष्कळ आहेत, फुटबॉलमध्ये क्वचित. नव्या मैदानावरचा लीगचा पहिला सामना १ सप्टेंबर १९८१ रोजी ल्यूटन टाउनविरुद्ध झाला आणि रेंजर्स २-१ असे हरले. ल्यूटनने हे बहुधा मनावर घेतले, कारण १९८५ मध्ये त्यांनीही गालिचा आणला. पुढच्या वर्षी ओल्डहॅम आणि प्रेस्टनने आणला. चारच क्लब, पण त्यांनी इंग्लंडचे मत पुढच्या चाळीस वर्षांसाठी तयार करून ठेवले.

मत वाईट झाले यात त्या वेळच्या खेळाडूंचा दोष नाही. गालिचा कठीण तळावर अंथरलेला असे. उंचावरून आलेला चेंडू जमिनीला लागून पुन्हा डोक्यावरून जाई. घसरून टॅकल केले की मांडीची साल निघे. त्या काळातल्या खेळाडूंच्या आठवणी ऐका, निम्म्या आठवणी मांडीच्याच असतात. गोलरक्षक थंडी नसतानाही लांब पँट घालून उतरत. १९८४ मध्ये रेंजर्स यूएफा कपमध्ये पोहोचले तेव्हा यूएफाने हे मैदान मान्यच केले नाही, आणि त्यांना आपले घरचे सामने आर्सेनलच्या हायबरीवर जाऊन खेळावे लागले.

त्यातून राग कशाचा आला, तर हे चौघे त्या गालिच्यावर जिंकायला लागले. रेंजर्स १९८२ मध्ये एफए कपच्या (वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांवरच्या क्लबांची बाद स्पर्धा) अंतिम फेरीत गेले आणि १९८३ मध्ये दुसऱ्या विभागात (तेव्हा मजल्यांना विभाग म्हणत) पहिले आले. प्रेस्टनची कथा तर आणखी सरस. इंग्लंडचा पहिला लीग विजेता क्लब, १८८८-८९ चा. तो घसरत घसरत १९८६ मध्ये शेवटच्या विभागात शेवटून दुसरा आला. त्या उन्हाळ्यात प्लास्टिक अंथरले आणि पुढच्याच हंगामात वर चढला. १९८९-९० च्या हंगामात ओल्डहॅमने आपल्या गालिच्यावर आर्सेनल, एव्हर्टन, ॲस्टन व्हिला या सगळ्यांना लोळवले आणि लीग कपच्या उपांत्य फेरीत वेस्ट हॅमला ६-० असे हरवले. ओल्डहॅमकडे चांगला संघ आणि चांगला मॅनेजर होता, हे कारण कोणालाच पुरेसे वाटले नाही. शेवटी रेंजर्सने १९८८ मध्ये, ल्यूटन आणि ओल्डहॅमने १९९१ मध्ये आणि प्रेस्टनने १९९४ मध्ये गालिचा गुंडाळला.

म्हणजे आज थ्रीजीला जो विरोध आहे त्यातला बराचसा पहिल्या पिढीविरुद्धचा आहे. आजोबांच्या गुन्ह्याची शिक्षा नातू भोगतो आहे. हे मात्र स्टँडमध्ये बोलू नका. समोरच्याची मांडी अजून दुखत असण्याची शक्यता असते.

धडा चौथा : गवताच्या बाजूने कसे बोलावे

आवाज थोडा खाली आणा. नजर लांब ठेवा. चिखलाचा उल्लेख प्रेमाने करा.

इंग्लिश माणसाच्या फुटबॉलच्या आठवणी चिखलात रुतलेल्या आहेत. ५ फेब्रुवारी १९७२ रोजी हेरफर्ड या लीगबाहेरच्या क्लबने पहिल्या विभागातल्या न्यूकॅसलला एफए कपमध्ये हरवले. रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेला तो गोल अजून दर जानेवारीत टीव्हीवर दाखवतात. मैदान असे की नांगर धरायला हरकत नव्हती. १९७७ मध्ये डर्बीच्या ‘बेसबॉल ग्राउंड’ नावाच्या फुटबॉल मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टी मिळाली आणि पेनल्टीचा ठिपकाच सापडेना; तो चिखलात गडप झाला होता. मैदानाची निगा राखणारा माणूस बादली आणि रंग घेऊन आला, अंतर मोजले, नवा ठिपका काढला, मग पेनल्टी घेतली. गोल झाला. ही गोष्ट गवतवाले गवताच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतात, हे ध्यानात घ्या.

१९६२-६३ च्या हिवाळ्याबद्दल कोणी बोलले तर आदराने मान हलवा. बर्फ असा पडला आणि टिकला की एफए कपची तिसरी फेरी पूर्ण व्हायला ६६ दिवस लागले आणि तेवढ्यात सामने २६१ वेळा पुढे ढकलले गेले. हॅलिफॅक्स टाउनने आपले मैदान स्केटिंगसाठी लोकांना खुले केले. सामने होईनात तेव्हा त्यांच्या निकालांवर चालणाऱ्या ‘पूल्स’ या सट्ट्याचे काय करायचे, असा राष्ट्रीय प्रश्न उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली काही प्रतिष्ठित मंडळी लंडनमध्ये एका खोलीत बसली आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांनी ठरवले. न झालेल्या सामन्यात कोण जिंकले हे लॉर्डांकडून जाहीर करून घेणे या देशाला चालले. प्लास्टिक चालले नाही.

गवतवाल्यांचे सर्वात आवडते वाक्य : “प्लास्टिकमुळे घरच्या संघाला अन्यायकारक फायदा मिळतो.” हे तुम्हीही म्हणा, पण जवळपास योव्हिलचा माणूस नाही ना, ते पाहून म्हणा. योव्हिलचे जुने मैदान ‘ह्यूश’ हे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सुमारे आठ फूट उतरलेले होते. १९४९ मध्ये त्या उतारावर योव्हिलने पहिल्या विभागातल्या संडरलंडला हरवले. हा इंग्लिश फुटबॉलचा अभिमान आहे, परीकथा आहे, एफए कपची जादू आहे. आठ फूट उतार म्हणजे जादू, आणि प्रयोगशाळेतून उसळी मोजून आणलेली सपाट जमीन म्हणजे लबाडी.

गवताची खरी बाजू मात्र या रम्य गोष्टींत नाही. चेंडू गवतावर अंग चोरतो, थांबतो. खेळाडूचा पाय घसरतो तेव्हा जमीनही थोडी त्याच्याबरोबर जाते. थ्रीजीवर बूट धरून ठेवला जातो आणि गुडघा वळतो, अशी खेळाडूंची तक्रार असते. दुखापतींच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकाच दिशेने जात नाहीत, पण ज्याचा गुडघा आहे त्याच्या भीतीला आकडेवारीची गरज पडत नाही.

धडा पाचवा : पैशाचा

हा धडा स्टँडमध्ये कोणी घेत नाही. क्लबच्या खजिनदाराला चहा पाजलात तर तो घेईल.

इंग्लंडातल्या हिवाळ्यात सूर्य आडवा येतो आणि दुपारी चारला जातो. गवत वाढायचे थांबते आणि हंगाम मात्र तेव्हाच ऐन भरात असतो. अशा वेळी खालच्या लीगचे साधे गवताचे मैदान आठवड्यात चार-सहा तासांपेक्षा जास्त खेळ सोसत नाही. एक सामना, फार तर दोन. सराव दुसरीकडे, भाड्याने. लहान मुलांचे संघ आणखी तिसरीकडे. आणि पाऊस पडला की शनिवारी सकाळी पंच येतात, मैदानाच्या मध्यावर चेंडू टाकून पाहतात, तो डबक्यात बसतो, आणि सामना रद्द. तिकिटे गेली, बार गेला, पाय आणि चहा गेला. (पाय म्हणजे मांसाची कणकेतली पेटी. जोडीला बोव्हरिल नावाचे गरम पेय देतात. गोमांस वर्ज्य असेल तर ते विचारून घ्या.) असे तीन-चार शनिवार गेले की छोट्या क्लबला खेळाडूंचे पगार द्यायला अडचण येते. मग एप्रिलमध्ये राहिलेले सामने आठवड्यातून तीन-तीन खेळून संपवायचे, थकलेल्या खेळाडूंनी, मेलेल्या गवतावर.

मोठ्या क्लबांचे गवतही खरे पाहता साधे नसते. त्याखाली गरम पाण्याचे नळ असतात, वरून गाडीवरचे दिवे कृत्रिम ऊन पाडतात आणि मुळांशी वीस सेंटिमीटर खोलवर प्लास्टिकचे धागे टोचलेले असतात. त्याला संकरित मैदान म्हणतात आणि ते सर्वांना मान्य आहे. म्हणजे शंभर पात्यांत तीन-चार प्लास्टिकची असली तर ते गवत.

थ्रीजी मैदान आठवड्याला सत्तर-ऐंशी तास सोसते. मुले, मुली, महिला संघ, शाळा, आणि पळायचे नाही असा नियम असलेला ज्येष्ठांचा ‘चालता फुटबॉल’, सगळे त्यावर भाडे भरून खेळतात. मैदान शनिवारी दोन तास खर्च करणारी जागा न राहता रोज रात्री दहापर्यंत कमावणारी जागा होते. ते घालायला लाखो पौंड लागतात, आठवड्याला ब्रश फिरवावा लागतो आणि साधारण दहा वर्षांत गालिचा बदलावा लागतो, हेही खजिनदार सांगेल. फक्त हे सांगताना त्याचा चेहरा पडत नाही.

मेडस्टोन युनायटेडचे उदाहरण पाठच करून ठेवा. केंट परगण्यातल्या या क्लबने १९८८ मध्ये आपले मैदान गमावले. पुढच्या वर्षी बढती मिळवून तो चौथ्या मजल्यावर पोहोचला, तोही दुसऱ्या गावात भाड्याने खेळत. १९९२ मध्ये कर्जाखाली बंद पडला. चाहत्यांनी तळापासून पुन्हा उभा केला आणि २०१२ मध्ये, जवळजवळ पाव शतकाने, क्लब आपल्या गावात नव्या मैदानावर परतला. ते मैदान पहिल्या दिवसापासून थ्रीजी होते, कारण गवताच्या आधारावर ते उभे राहणे त्यांना परवडणारे नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये, सहाव्या मजल्यावर असताना, याच संघाने एफए कपमध्ये आधी तिसऱ्या मजल्यावरच्या स्टीव्हनेजला घरी हरवले. “प्लास्टिकवर काय, कोणीही जिंकेल,” असे लोक म्हणाले. मग ते इप्सविचला गेले आणि त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये चढलेल्या संघाला त्याच्याच गवतावर २-१ असे हरवून आले.

धडा सहावा : बढती मिळाल्यास काय करावे

तुमचा क्लब थ्रीजीवर खेळतो आणि नॅशनल लीगमधून वर चढला, असे समजा. पुढील क्रम पाळावा. आधी नाचावे. मग उघड्या बसमधून गावात मिरवणूक काढावी. मग बुलडोझर बोलवावा.

हे विनोदासाठी रचलेले नाही. हॅरोगेट टाउन २ ऑगस्ट २०२० रोजी वेम्ब्लीवर नॉट्स काउंटीला ३-१ असे हरवून इतिहासात पहिल्यांदा लीग टूमध्ये चढले. (मॅनेजर मुलगा आणि मालक वडील, घरात कोण कोणाला काढू शकतो, हा वेगळ्या धड्याचा विषय.) चार वर्षांपूर्वीच घातलेले त्यांचे थ्रीजी उखडावे लागले, गवत लावावे लागले, आणि ते रुजेपर्यंत हंगामाचे सुरुवातीचे घरचे सामने डॉनकास्टरला जाऊन खेळावे लागले. २०२१ मध्ये सटन युनायटेडची पाळी आली. २०२४ मध्ये ब्रॉमलीची. वेम्ब्लीवर पेनल्टीवर जिंकले आणि घरी जाऊन गालिचा काढला. तीन क्लब, तीन चांगली चालणारी मैदाने, तीन खड्डे.

सटनचे दुःख जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. याच सटनने २०१७ मध्ये आपल्या थ्रीजीवर लीड्सला एफए कपमध्ये हरवले होते आणि पुढच्या फेरीत आर्सेनल तिथे येऊन खेळून गेले होते. आर्सेनलचे कोट्यवधींचे पाय त्या रबरी दाण्यांवर नव्वद मिनिटे धावले, २-० जिंकले आणि धडधाकट परत गेले. त्या रात्री खरा गाजावाजा झाला तो सटनच्या राखीव गोलरक्षकाचा. तो बाकावर बसून कॅमेऱ्यासमोर पाय खाऊ लागला, तो तसे करील यावर सट्टा लागलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. जमिनीबद्दल कोणी काही बोलले नाही. एफए कपमध्ये थ्रीजी चालते. प्रीमियर लीगचा संघ आला तरी चालते. पण तेच मैदान घेऊन सटनला चौथ्या मजल्यावर राहता येत नव्हते. म्हणून त्यांनी गालिचा काढला, भाड्याचे उत्पन्न सोडले, तीन हंगाम लीग टूमध्ये काढले आणि २०२४ मध्ये पुन्हा रेघेखाली आले. रेघेखाली थ्रीजीला परवानगी होतीच, मैदान मात्र आता गवताचे होते.

नियमामागे जे कारण दिले जाते ते एकसारखेपणाचे : एका लीगमध्ये सगळ्यांची जमीन सारखी असावी. हे ऐकल्यावर एखाद्या ओल्या मंगळवारी लीग टूची कोणतीही दोन मैदाने पाहून यावे.

स्कॉटलंडबद्दल

एक परिच्छेद पुरे. तिथे खालच्या विभागांत कृत्रिम मैदाने इतकी रुळली आहेत की ॲलोआ किंवा स्टेनहाउसम्युअरसारख्या छोट्या गावी त्याविषयी कोणी भुवई उंचावत नाही. वरच्या विभागात किल्मारनॉक आणि लिव्हिंगस्टननेही ती वापरली, आणि मग २०२४ मध्ये वरच्या क्लबांनी ठराव करून टाकला की २०२६-२७ पासून प्रीमियरशिपमध्ये फक्त गवत. नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगनेही २०२५-२६ पासून तेच केले. दोन्हीकडे खालच्यांना मोकळीक आहे. वरच्यांकडे टीव्हीचे पैसे आहेत, त्यांनी गवत राखावे. हा हिशेब मला पटतो. इंग्लंडचा घोळ असा की त्यांनी तीच रेघ तीन मजले खाली, जिथे पैसे संपतात तिथे ओढली आहे.

धडा सातवा : थ्रीजीवाल्याला गप्प कसे करावे

एवढे ऐकून तुम्ही प्लास्टिकचे भक्त झाला असाल, तर हा धडा तुमच्यासाठी आहे. कोणी तुमच्यावर तो वापरला तर निदान धक्का बसू नये.

मांडी, गुडघा, उसळी, जादू हे सगळे बाजूला ठेवा. एकच प्रश्न विचारा : ते काळे दाणे जातात कुठे? प्रत्येक सामन्यानंतर ते बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून आणि बर्फ ओढणाऱ्या फावड्यांतून मैदानाबाहेर जातात. गटारात, ओढ्यात, समुद्रात. म्हणून तर दर वर्षी नवे दाणे टाकावे लागतात. ते आरोग्याला घातक आहेत का, यावर युरोपच्या रसायन संस्थेने २०१७ मध्ये धोका अगदी कमी असल्याचे सांगितले. पण सूक्ष्म प्लास्टिक म्हणून ते निसर्गात मिसळतात हे कोणी नाकारत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला : मैदानात भरायच्या अशा दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर, ऑक्टोबर २०३१ पासून बंद. ब्रिटन संघातून बाहेर पडलेला असल्याने तो नियम इंग्लंडला आपोआप लागू नाही, पण रबराचे कारखाने ब्रेक्झिटवर चालत नाहीत. पर्याय आहेत, बुचाच्या झाडाची साल दळून भरता येते. ती महाग पडते, हलकी असते आणि मुसळधार पावसात तरंगते. दहा वर्षांनी गुंडाळलेल्या त्या प्रचंड गालिच्याचे काय करायचे, हा प्रश्न वेगळाच.

या प्रश्नावर थ्रीजीवाल्याजवळ आज पुरते उत्तर नाही. नेमका हाच प्रश्न स्टँडमध्ये कोणी विचारत नाही. सगळे अजून १९८१ च्या मांडीवर अडलेले आहेत.

धडा शेवटचा : मैदानावरची वाक्ये

पुढील वाक्ये तोंडपाठ करावीत. सामना चांगला चालला असेल आणि मैदान गवताचे असेल तर : “या खेळाला गवतच हवे.” सामना वाईट चालला असेल आणि मैदान गवताचे असेल तर : “या जमिनीवर खेळायचे तरी कसे!” थ्रीजीवर आपला संघ जिंकत असेल तर जमिनीचा उल्लेख टाळावा. हरत असेल तर तो ताबडतोब करावा. थ्रीजी असल्यामुळे सामना हमखास होतो असे मात्र छातीठोक सांगू नका. कडक हिमात तेही गोठते, आणि त्या दिवशी तुमच्याकडे बघून सगळे गवतवाले हसतील.

आणि कोणी खरोखरच तुमचे मत विचारले, तर माझे घ्या, फुकट आहे. लीग टूने थ्रीजीला परवानगी द्यावी. अट एक : दर वर्षी तपासणी. अट दोन : नवीन मैदानात टायरचा चुरा नको. वर चढलेल्या क्लबला चालते मैदान उखडायला लावणे हा नियम ज्यांनी केला, त्यांना आपल्या खिशातून खड्डा भरावा लागलेला नाही.

आता एवढी तयारी झाल्यावर घरी बसून सामना बघू, असा विचार कराल तर तो सोडून द्या. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण दाखवायला बंदी आहे, आणि ती याच छोट्या क्लबांची तिकिटे खपावीत म्हणून आहे. सामना तीन वाजता सुरू होतो. छत्री घेऊन अडीचला पोहोचा.